मामाच्या नावाचा दात

तिशी उलटल्यावर ज्यांनी दातांना तारा लावल्या आहेत, किंवा डॉक्टरांनी लावायला सांगितल्या आहेत आणि घरचे 'आता ह्या वयात?' म्हणून बसले आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. धीर देण्यासाठी लिहिते आहे असं समजू नका. धीर देणं मला जमत नाही. मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग हातात घ्यायचे, मापायचे, आणि खोट दिसली की लाल पेटीत टाकायचे हे माझं काम. दिवसभर नापास करून करून माझा स्वभावच तसा झाला आहे असं आई म्हणते. आई पुष्कळ काही म्हणते, ते पुढे येईलच.

तर माझ्या तोंडात चौतिसाव्या वर्षी दुधाचा दात होता. हसून घ्या. मीही हसले होते, पण डॉक्टरांनी पुढचं सांगेपर्यंतच.

फिल्म

दौलताबादहून येताना रस्त्यावर पेरू घेतले होते. घरी येऊन एक चावला आणि वरचा, समोरच्या दोन मोठ्या दातांच्या उजवीकडचा दात हलला. आरशापुढे जाऊन बोटाने हलवून पाहिला. खरंच हलत होता. कुठे आपटले नव्हते, पडले नव्हते. ह्या वयात दात हलायला नको एवढं मलाही कळतं, म्हणून दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर गारखेड्यातल्या दवाखान्यात गेले.

डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा लहान. त्यांनी सगळ्या जबड्याची एक्स-रे फिल्म काढली, पडद्यावर लावली, आणि हलणारा दात सोडून त्याच्या शेजारच्या टोकदार दातावर बोट ठेवलं.

"हा लहानपणी पडला होता का?"

"आठवत नाही."

"हा तुमचा सुळा नाही. हा दुधाचा आहे. खरा सुळा हा बघा."

वर हाडामध्ये एक अख्खा दात आडवा पडला होता. बसस्टँडच्या बाकावर पाय शेजाऱ्याच्या मांडीवर टाकून कुणी झोपावं तसा. त्याचं टोक हलणाऱ्या दाताच्या मुळाला टेकलं होतं आणि तेवढ्या जागी ते मूळ झिजलेलं दिसत होतं. तो आत बसून शेजाऱ्याचं मूळ खात होता.

मॅडमनी सगळं नीट सांगितलं. आधी तारा लावून जागा करायची. मग दुधाचा दात काढायचा, हिरडी उघडायची, आतल्या दाताला बारीक साखळी चिकटवायची, ती तारेला बांधायची आणि महिन्या-महिन्याला थोडी थोडी ओढत त्याला खाली आणायचं. वय जास्त असलं की कधी कधी असा दात हाडाला धरून बसतो आणि हलतच नाही.

"मग?"

"मग तो जातो, आणि हा हलणाराही जातो. म्हणून आता उशीर करू नका."

खालच्या बाजूला एक दुधाची दाढसुद्धा निघाली. तिच्या खाली काहीच नव्हतं, कधी येणारही नव्हतं. "ती राहू द्या," मॅडम म्हणाल्या, "ती गुपचूप काम करते आहे." त्या दाढेबद्दल मला एकदम आपुलकी वाटली.

मी उठता उठता त्या म्हणाल्या, "लहानपणी कुणाला दाखवलं नाही का? अकरा-बाराव्या वर्षी हा काढला असता तर वरचा बहुतेक आपोआप उतरला असता."

त्यांनी सहज विचारलं होतं, पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. कारण दाखवलं होतं. मी खुर्चीत बसलेसुद्धा होते.

वरचे दात

आमच्याकडे बाळाला आधी वरचे दात आले तर ते मामाला वाईट, असं मानतात. बऱ्याच घरांत मानतात, तुमच्याही असेल. मी त्यातलीच. खालचं काही यायच्या आत मला वरचे दोन आले. माझा मामा, बापूमामा, आईच्या पाठचा एकुलता भाऊ, करमाडला शेती करतो. त्याने मला चांदीची वाटी दिली, नारळ फोडला आणि सगळ्यांच्या दृष्टीने विषय मिटला. पुढे कित्येक वर्षं तो गमतीचा होता. मामा शेतात घसरला, मामाला विंचू चावला, की सगळे माझ्याकडे बघून हसायचे. मीही हसायचे.

मी सहावीत असताना शाळेत दातांचं शिबिर झालं. तिथल्या डॉक्टरने आईला निरोप दिला की हिचा वरचा सुळा दुधाचा आहे, काढून घ्या. आई मला औरंगपुऱ्यात एका डॉक्टरकडे घेऊन गेली. मी खुर्चीत तोंड उघडून बसले होते, डॉक्टर सुई भरत होते, तेवढ्यात शेजारचे काका स्कूटरवर आम्हाला शोधत आले. जालना रोडवर बापूचा अपघात झाला होता.

आईने मला दंडाला धरून खुर्चीतून ओढलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. मामाच्या पायात सळई घातली. तो वाचला, पण आजही लंगडतो. आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात, दहा नातेवाइकांसमोर, आई म्हणाली, "हिच्या वरच्या दाताला हात लावला अन् बापूवर आलं. आता परत कुणी हात लावायचा नाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ह्या वेळी कुणी हसत नव्हतं. मामीची आई पदर तोंडाला लावून म्हणाली, "हीच व्हय ती?"

त्यानंतर किती तरी दिवस मी त्या दाताला जीभसुद्धा लागू देत नव्हते. डाव्या बाजूने जेवायचे. दात घासताना तो सोडून बाकीचे घासायचे. लहान पोरीला एका मोठ्या माणसाचा जीव तोंडात सांभाळायला दिला होता आणि त्यात काही चुकतंय असं घरातल्या एकाही शहाण्याला वाटलं नाही.

थांब जरा

फिल्म काढून घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. माझं लग्न झालेलं नाही. त्याचं कारण दात नाही, तो वेगळा राग आहे. मी तिला सगळं सांगितलं. हलणाऱ्या दाताचं तिने ऐकून घेतलं. दुधाच्या दातापाशी तिचे हात थांबले.

"कंचा? वरचा?"

"वरचा."

"तो नाय काढायचा."

"आई, तो ठेवला तर बाजूचा जाईल. समोरचा दात जाईल माझा."

"बापूच्या छातीत दुखायलंय. परवा तपासणी हाय त्याची. आत्ता दाताचं नाव काढू नको, मने."

मामाच्या छातीत खरंच दुखत होतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत नळी घालायची ठरली होती. "एवढं बापूचं होऊ दे," आई म्हणाली, "मग काय करायचं ते कर." मी थांबले. मी शिकलेली आहे, सूक्ष्ममापीने केसाइतका फरक मोजते, आणि तरी मला भीती वाटली. समजा मी दात काढला आणि तिकडे काही झालं, तर त्या व्हरांड्यातले सगळे चेहरे पुन्हा माझ्याकडे वळले असते. तुमच्यापैकी कुणी अशा कारणासाठी थांबलं असेल तर मी हसणार नाही. पण थांबू नका.

मामाची नळी घालून झाली. तो ठणठणीत घरी गेला. मग आई म्हणाली, पहिले काही महिने जड असतात. मग मामाच्या मुलीचं लग्न निघालं, ते पार पडू दे. मग वर्षश्राद्ध कुणाचं तरी. प्रत्येक वेळी 'थांब जरा', आणि प्रत्येक वेळी पोळीला तूप लावावं तितक्या सहज.

पुढच्या फिल्मला मॅडमनी जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावली. मी रोज हेच करते, दोन नग शेजारी ठेवून फरक शोधते. इथे शोधावा लागला नाही. हलणाऱ्या दाताचं मूळ निम्मं संपलं होतं.

"एवढं का थांबलात?" मॅडमचा आवाज चढला होता. त्या माझ्यावर चिडल्या ह्याचा मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. माझ्या दातासाठी चिडणारं कुणी तरी भेटलं होतं.

मामासाठी थांबले असं सांगायला माझी जीभ रेटेना. "घरची अडचण," म्हणाले आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. त्रिमूर्ती चौकापासून घरापर्यंत रडले. दुःखाने नाही, संतापाने. रिक्षावाल्याने आरशातून बघून गाण्याचा आवाज कमी केला, तेवढाच त्या दिवसातला चांगुलपणा. त्याच आठवड्यात मी तारा लावून घेतल्या. आईला नंतर सांगितलं.

तारा

आता जे विचारायला लोक माझ्याकडे येतात ते. दुखतं का? दुखतं. पहिले तीन-चार दिवस केळंसुद्धा दगडासारखं लागतं. गालाला आतून फोड येतात. तारेच्या टोकावर लावायला मेण देतात, ते पर्समध्ये ठेवा, घरी विसरू नका. बाहेरगावी जाताना छोटा ब्रश न्या. आणि आरशात सारखं बघू नका.

दुखण्यापेक्षा जास्त माणसं छळतात. कंपनीच्या बसमध्ये पहिल्याच दिवशी मागच्या सीटवरून आवाज आला, "काय मॅडम, स्थळ आलं वाटतं?" उपाहारगृहातल्या एकीने माझ्या ताटातली मऊ खिचडी बघून विचारलं, "आता कुणाला दाखवायचे दात?" मी तोंड उघडून तिलाच दाखवले. दुकानदार, शेजारीण, आत्याचे जावई, सगळ्यांना माझ्या वयाचा हिशोब एकदम पाठ झाला. पाय मोडला तर कुणी विचारत नाही की ह्या वयात प्लास्टर कशाला. दाताचंच तेवढं वय काढतात.

माझ्या विभागातली शबाना मात्र काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने डबा पुढे सरकवला. आत खलियाचा, म्हणजे मटणाचा रस्सा आणि त्यात भिजवून लोण्यासारखा झालेला नान. "चबाने की जरूरत नहीं मॅडम, ऐसेच उतरता," ती म्हणाली आणि मापयंत्राकडे वळली. मी तो डबा चमच्याने चाटूनपुसून खाल्ला.

घरी त्याच दिवशी आईने ताटात बाजरीची कडक भाकरी वाढली. ती रोजचीच भाकरी होती, तिने मुद्दाम केली नव्हती. पण मला ती मुद्दाम वाटली. मी दुधात कुस्करून खाल्ली आणि तिच्याशी बोलले नाही. तीही बोलली नाही. माझ्या तोंडाकडे तर ती बघायचीच नाही. एका घरात राहून, समोरासमोर जेवून, तिने कित्येक महिने माझ्या हनुवटीशी संसार केला.

तारांनी जागा झाली. हिरडी उघडायची तारीख ठरली. ती ऐकून आईने एकच वाक्य टाकलं, "बापूला विचारल्याबिगर काढशील तर मला आई म्हणू नको."

"बरं," मी म्हणाले. "विचारते."

करमाड

शनिवारी कामाची पाळी संपल्यावर मी घराकडची बस सोडली आणि उलट्या दिशेची जीप पकडून करमाडला गेले. वाटभर मी भांडणाची तयारी करत होते. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मला बघून लंगडत उठला, आणि मी हसल्यावर दचकला.

"हे काय गं? तोंडाला तारेचं कुंपण घातलं? कोन चोरी करायलंय तुझे दात?"

नेहमी मी हसले असते. त्या दिवशी उभ्या उभ्याच सगळं ओकले. दुधाचा दात, आतला सुळा, संपत आलेलं मूळ, तुमची छाती, तुमच्या पोरीचं लग्न, आणि आता तुमची परवानगी. "द्या मामा परवानगी. माझा दात आहे, पण तुमच्या नावावर आहे म्हणे. औरंगपुऱ्यात मी खुर्चीत बसले म्हणून तुमचा पाय मोडला ना?"

मामा खुर्चीत बसला. घरात मामी चहा टाकत होती. त्याने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कुणी सांगितलं तुला दातानं झालं म्हणून?"

"सगळ्यांनी. आईने."

"मनू, मी पेलो व्हतो त्या दिवशी. लई पेलो व्हतो. दुपारपासून धाब्यावर बसलो. गाडी सरळ चालंना, उभ्या ट्रॉलीवर जाऊन आदळलो. ट्रॉली बिचारी जागची हालली पन नव्हती." तो हसायला गेला आणि थांबला. "तुझा दात कुठून आला त्याच्यात?"

"आईला माहीत आहे हे?"

"तिलाच तर माहीत हाय. दुसरं कुणाला नाय. तुझ्या मामीला पन नाय. सुद आली तव्हा अक्का उशाशी व्हती. तिच्या पायाची शपथ घेतली, अन् सोडली. आजपातूर थेंब नाय."

मग त्याला माझं पहिलं बोलणं उमगलं असावं. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. "म्हंजे तू इतकी वर्षं... माझ्यापायी?"

मी मान हलवली. मला वाटत होतं मामाला खडसावून येईन, आणि इथे तर मामाला पत्ताच नव्हता. चहा आला. मामी म्हणाली, पोरगी किती वाळली. मामाने चहा तसाच ठेवला.

नवस

घरी येऊन मी चप्पलही काढली नाही.

"मामा पिऊन होता."

आई लसूण सोलत होती. ती सोलतच राहिली.

"तुला माहीत होतं."

"व्हय."

"मग माझं नाव का घेतलंस? त्या सगळ्यांसमोर? मी केवढी होते आई?"

"बापू पिऊन पडला म्हणून सांगू? त्याची सासू समोर बसलेली, लेक उठवून घेऊन गेली असती. पोरं बारकी व्हती त्याची."

"आणि मी मोठी होते?"

तिने लसणाची सालं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "आमचा बाप पिऊनच गेला, मने. शपथा त्यानं पन लई खाल्ल्या व्हत्या. पेणाऱ्याच्या शपथेचा काय भरवसा? मी देवापुढं बोलले, बापूची सुटू दे, मी हिचा वरचा दात हलवू देणार नाय. अन् सुटली. दरसाल वाटायचं, आता सुरू करील, मग सुरू करील. नाय केली. कशी काढू देऊ तो दात?"

"नवस बोलायचाच होता तर स्वतःच्या दाताचा बोलायचास."

आईने पहिल्यांदा मान वर केली. "माझ्यापाशी बापूच्या नावाचा दात नव्हता. तुझ्यापाशीच व्हता."

तिला हे अगदी सरळ, हिशेबाला धरून वाटत होतं, आणि म्हणूनच मला ताट भिंतीवर फेकावंसं वाटलं. तिने भावाला वाचवलं असं तिला आजही वाटतं. कदाचित त्या नवसाच्या जोरावर तीच नीट झोपू शकली असेल. पण तिच्या नवसाचा खर्च माझ्या हाडातून झाला. त्या क्षणी मला तिची कीव आली हेही खरं, आणि कीव आल्याचा आणखी राग आला. इथे मी तिला माफ केलं असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. मी केलेलं नाही.

साखळी

हिरडी उघडायच्या दिवशी आई आली नाही. दवाखान्याच्या पायरीवर मामा बसला होता. करमाडहून सकाळच्या पहिल्या गाडीने आला होता, धुतलेला पांढरा शर्ट घालून. "माझ्या नावाचा दात हाय, मी नको का?" एवढंच म्हणाला.

आतलं फार सांगत नाही. टाळूत सुई टोचतात तेव्हा डोळ्यांत पाणी येतं, त्यानंतर दुखत नाही, फक्त आवाज येतात. दुधाचा दात तर हात लावताच निघाला. इतक्या वर्षांची भीती, आणि तो दोन चिमटीत बाहेर. मॅडमनी तो कापसावर ठेवला. पिवळट, बुटका, मूळ जवळजवळ नसलेला. मी बाहेर आले, तोंडात कापसाचा बोळा, बोलता येत नव्हतं. मामाने हात पुढे केला. मी पुडी त्याच्या हातावर ठेवली. त्याने उघडून बघितली, परत गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात, छातीपाशी ठेवली.

तेवढ्या वेळात त्याचा फोन सारखा वाजत होता. आई. "बापू, बरा हायेस ना?" दर थोड्या वेळाने तेच. मला तिने त्या दिवशी एकदाही फोन केला नाही. संध्याकाळी घरी गेले तेव्हा गार केलेली पातळ पेज झाकून ठेवली होती. मी ती प्यायले, कारण भूक लागली होती.

मग सुरू झालं वाट बघणं. दर महिन्याला मॅडम साखळी ओढून बांधायच्या. दोन दिवस ठणका, मग पुन्हा शांतता. पहिले काही महिने दात जागचा हलला नाही. मॅडम आरशाने बघून ओठ दाबायच्या. मला कळत होतं. तो धरून बसला असेल तर दोन्ही जाणार होते, आणि समोर खिंडार पडणार होतं. ज्या दिवशी काही हललेलं नसायचं त्या दिवशी मी कामावर जास्तच नग नापास करायचे. शबाना ते गुपचूप परत मोजून निम्मे पेटीतून बाहेर काढायची.

मग एका महिन्यात मॅडमनी साखळी हातात धरली, हसल्या, आणि कात्रीने तिची एक कडी कापून माझ्या तळहातावर ठेवली. साखळी लांब पडली होती. म्हणजे दात खाली आला होता. मुंगीच्या डोक्याएवढी ती कडी मी रुमालात बांधून आणली. फिल्ममध्ये शेजारचं मूळ होतं तिथेच थांबलं होतं. निम्मं का होईना, राहिलं होतं. "जपून वापरला तर टिकेल," मॅडम म्हणाल्या. पेरू मात्र आता कापून खायचा.

आला

परवाच्या रविवारी सकाळी दात घासताना बोटाला टाळूपाशी काही तरी टोकदार लागलं. आरशात बघितलं. हिरडीतून पांढरं टोक निघालं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाले, "आला."

आईने हात पदराला पुसले. मला वाटलं माझ्याकडे येते आहे. ती फडताळाकडे गेली, फोन घेतला आणि करमाडला लावला. तिला ऐकू कमी येतं, म्हणून तिचा फोन नेहमी सगळ्या घराला ऐकू येतो.

"बापू, बरा हायेस ना?"

"मला काय झालं? काहून?"

"मनीचा वरचा दात आलाय."

तिकडे कोंबडं आरवलं.

"अक्का," मामा म्हणाला, "मी बरा हाय. लई वर्षं झाली मला बरा होऊन. तिचा दात कसा हाय ते सांग."

आई फोन धरून तशीच उभी राहिली. तिला सांगता येईना. तिने बघितलाच नव्हता. मग ती माझ्यापाशी आली, हनुवटी धरून माझं तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "उघड."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. मी उघडलं. तिने चष्मा कपाळावर सरकवून, अगदी जवळ येऊन बघितलं, तारा, कड्या, खालची ती दुधाची दाढ, सगळं. तिच्या बोटांना लसणाचा वास येत होता.

"चांगला हाय," ती फोनमध्ये म्हणाली. मग चष्मा खाली ओढून, "पन लई उशिरा आला."

तोंड उघडं असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं, नाहीतर उशीर कुणामुळे झाला ते मी तिथेच सांगितलं असतं.